ब्रेकच्या पायडलला पाडलेली भोकं

मंडळी, आजचं आजच लिहून टाकतो.

रेससाठी माझी जुनी आठशे गाडी हलकी करून राह्यलो, हे तुम्हाला माहीतच हाय. मागची सीट काढली, स्टेपनी काढली. तेवढ्यानं भागलं न्हाई म्हणून काल ड्रिलनं ब्रेकच्या पायडललाबी भोकं पाडली.

आज दुपारी जाफराबाद रोडला गाडी जोरात पळवली. पुढची एसटी एकदम थांबली. मी ब्रेक दाबला, तर पायडल पायाखाली वाकलं! गाडी कपाशीत घातली म्हणून वाचलो.

घरी आलो. बायको म्हणाली, "उद्याबी पोरीला शाळेत गाडीनंच सोडा. आज लई खूश होती."

सकाळी पायडल हेच होतं. पोर माझ्या बाजूला बसली होती.

बायकोला काय सांगू?