करुणाबाईच्या वाट्याचा पहिला उद्गार

करुणाबाई त्रिभुवन चर्चमध्ये उजवीकडच्या बाकावर बसते आणि गाताना बाकीच्या मंडळीच्या अर्धा श्वास पुढं असते. पेटीवाला तिच्यामागं धावतो, मंडळी पेटीवाल्यामागं. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या एका खासगी दवाखान्यात ती वर्षानुवर्षं आयाबाई होती. तिथंही म्हाताऱ्या पेशंटांना ती असंच आपल्यामागं चालवायची. आता ती नोकरी नाही. कशी गेली, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे, आणि माहीत नसल्यासारखं वागण्यात मंडळी तरबेज आहे.

मेघा फुलंब्रीची. लग्न होऊन शहरात आली तेव्हा तिला ना ओळख, ना काम. करुणाबाईनं तिला दवाखान्यात चिकटवलं, पेशंटला न उठवता चादर कशी बदलायची ते शिकवलं, बुधवारच्या प्रार्थनेला शेजारी बसवलं. दोघी एका डब्यात जेवायच्या. मग एका दुपारी मेघानं एका आजींच्या पलंगाचा कठडा खालीच ठेवला आणि फोनवर बोलत व्हरांड्यात गेली. आजी पडल्या, खुबा मोडला. मेट्रननं दोघींना बोलावलं. करुणाबाई गप्प उभी राहिली. पोरगी आपणहून कबूल करील, मग आपण तिच्यासाठी रदबदली करू, असा तिचा विचार. मेघा रडली आणि म्हणाली, "आजींकडं करुणाताईच होत्या. मी शेजारच्या खोलीत होते."

करुणाबाईला कंठ फुटेपर्यंत मेट्रनचं ठरून गेलं होतं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ आली. म्हणजे देवानं आठवड्यात काय केलं, ते ज्याला सांगायचं त्यानं उभं राहून सांगायचं. मेघा उठली. कामावर मोठं संकट आलं होतं, प्रभूनं अलगद बाहेर काढलं, म्हणाली. मंडळी म्हणाली, "आमेन." सवयीनं करुणाबाईच्याही तोंडून आमेन निघून गेलं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

घरी येऊन ती देवाशी भांडली. देवाशी ती अरेतुरेच करते. "तुला तर कठडा दिसत व्हता. मेट्रनच्या कानात एक शब्द टाकायला काय झालं व्हतं? आन् वरून तिलाच वाचवलंस म्हणं!" भांडण रोज चाललं. शेजारीण मात्र कौतुकानं सांगायची, नोकरी गेल्यापासून बाईची प्रार्थना लई वाढली.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला. त्या दुपारी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. चर्चचे पाळक अभयसाहेब नवे, उत्साही, आणि दुखऱ्या जागेवर नेमका हात ठेवणारे. ते घरी आले.

"सलाम बाई. पहिला उद्गार तुम्ही घ्या."

पहिला म्हणजे मारणाऱ्यांसाठी येशूनं क्षमा मागितली तो. करुणाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "साहेब, मला पाचवा द्या, तहानेचा. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं, मंडळीला झटकन समजंल."

"तो शांतवनकाकांचा. दरवर्षी तेच घेतात. तुम्ही क्षमेवर बोललात तर मंडळीला आशीर्वाद होईल."

"मंडळीला व्हईल. माझं काय?"

अभयसाहेब हसले आणि चहा पिऊन गेले. नाही म्हणावं तर बाईच्या मनात अढी आहे म्हणून बोभाटा होणार. हो म्हणावं तर क्रुसासमोर उभं राहून खोटं बोलावं लागणार. दवाखाना हातचा गेला होता. मन मोकळं करायला चर्च तेवढं उरलं होतं, आणि आता तिथंही नाटक. तरी तिनं वाक्य पाठ केलं: 'मी माझ्या बहिणीला मनापासून क्षमा केली आहे.' भाकरी थापताना म्हटलं, भांडी घासताना म्हटलं. कितीही म्हटलं तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं.

शुक्रवारी ऊन असं की पंखे फक्त गरम हवा वाटत होते. करुणाबाई पुढं गेली. समोरच मेघा बसली होती. तिनं रुमाल आधीच काढून ठेवला होता, रडायची वेळ कधी येणार हे ठाऊक असल्यासारखं. तो रुमाल दिसला आणि पाठ केलेलं वाक्य तिनं बाजूला ठेवलं.

"मंडळीला सलाम," करुणाबाई म्हणाली. "मी एक वाक्य पाठ करून आले व्हते. ते खोटं हाय, म्हणून बोलत नाय."

कुणीतरी खोकलं.

"खिळे ठोकणाऱ्यांना येशू 'जा, तुम्हाला माफ केलं' असं म्हणला नाय. त्यानं बापाला सांगितलं, तू यांना माफ कर. इतकं दुखत असताना त्यानंबी ते बापाच्याच हातात दिलं. मग माझ्यासारखीनं कुठून आणायचं? माझ्याच्यानं व्हत नाय. पण आजपासून रोज बापाला सांगीन, तूच कर. एवढंच."

आमेन कुणी म्हटलं नाही. रुमाल कोरडाच राहिला.

उपासनेनंतर त्या दिवशी न बोलता घरी जायचा रिवाज. पण फाटकाशी मेघा आडवी आली. "ताई, सगळ्यांसमोर असं?"

"तुझं नाव घेतलं का मी?"

"नाय, पण... माफ नाय केलं तुम्ही मला?"

"बापाकडं दिलंय. तूबी जा त्याच्याकडं. आन् वाटंत मेट्रन लागती, तिलाबी आजीचं खरं सांगून जा."

मेघानं रिक्षाला हात केला. मेट्रनपर्यंत ती रिक्षा अजून पोचलेली नाही.

घरी येऊन करुणाबाईनं उपवास सोडला. आजी पडल्या त्या दुपारपासून घास तिच्या तोंडात नुसता फिरायचा. आज तिनं भाकरी आमटीत कुस्करली, सगळी खाल्ली आणि दुसरी घेतली. मग वर बघून म्हणाली, "तिचं तू बघ. मला जरा जेवू दे."