आमच्या गोठ्यातली अमेरिकन

माझ्या लग्नात रुखवत बघायला आलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. लाडू, करंज्या, मण्यांचा गणपती, आणि त्याच्या शेजारी पान्यांची पेटी. माझे वडील जाफराबादला इंजिनं दुरुस्त करायचे. इंचाच्या मापाचे ते पाने दुकानात नुसते पडून होते, नव्या इंजिनांना बसत नव्हते. त्यांनी ते तेल लावून चकचकीत केले आणि हौसेनं रुखवतात मांडले. एका बाईला राहवलं नाही. "सासूचे नट ढिले करायला देऊन राह्यले का?" नवरीनं खाली बघायचं असतं. मी सरळ तिच्याकडं बघितलं आणि म्हणलं, "लागले तर तुमचेबी करीन." माझी जीभ सासरी अशी पहिल्याच दिवशी माहीत झाली.

सासर वडीगोद्रीजवळ. मोसंबीची बाग, थोडा कापूस, दोन म्हशी. लग्नाला महिनाही झाला नसेल, गोठ्यात कडबा काढताना पोत्यांखाली एक भलं मोठं इंजिन दिसलं. सहा सिलिंडरचं. आमच्या दुकानात यायची ती एका सिलिंडरची, फार तर दोनाची. मी कडबा तिथंच टाकला आणि खाली बसले.

मागून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. "ती अमेरिकन हाये," त्या म्हणाल्या, "माझी सवत. भंगारात घाला म्हणलं की तुझे मामंजी जेवत न्हाईत."

मामंजी म्हणजे माझे सासरे. निजामाचं राज्य गेल्यावर त्यांनी एका जहागीरदाराची जुनी अमेरिकन मोटारगाडी घेतली होती. गाडी थोडीच वर्षं पळाली. पत्रा सडला तेव्हा त्यांनी इंजिन काढून विहिरीवर बसवलं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं. बाग त्याच पाण्यावर उभी राहिली. मग वीज आली, विजेचा पंप आला आणि अमेरिकनची रवानगी गोठ्यात झाली. बसून बसून ती पार जाम झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी रुखवतातली पेटी घेऊन गेले. पहिलाच पाना नटावर असा बराबर बसला की मला हसू आलं. अमेरिकेची मापं सगळी इंचातली. वडिलांच्या दुकानात ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्या पान्यांना सासरी मान मिळाला.

"कोण हाये तिकडं?" मामंजी दारात उभे होते.

"मीच. हिचं वरचं हेड काढून बघू का?"

त्यांनी कानामागं हात धरला. मला ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. मग ते घमेलं पालथं घालून बसले. "काढ," म्हणाले, "पण नट हरवू नको."

सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, असा घरचा रिवाज. पण इंजिन उभ्यानं उघडता येत नाही. तेव्हा इंजिनाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, असं बसणं सुरू झालं. डोक्यावरचा पदर दोन दिवस सांभाळला, तिसऱ्या दिवशी कमरेला खोचला. रिवाजाबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

एकदा इंजिनाचे वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, घासता घासता त्यांनी सांगितलं. जालन्याच्या डॉक्टरनं त्यांचे कान तपासले होते. कानातली बारकी हाडं आखडत चालली आहेत म्हणाला. ऑपरेशनला मामंजी बिलकुल तयार नव्हते. "हिच्यासारखाच जाम होऊन राह्यलोय मी," ते म्हणाले. "कान जायच्या आधी एकदा हिचा आवाज ऐकायचाय, पोरी. मंग बाकीचं काय, तुम्हा सासू-सुनांची भांडणं न्हाई ऐकली तरी चालन."

त्या दिवसापासून माझ्या मागं घाई लागली. तोवर इंजिन ही माझी हौस होती. आता ते मामंजींच्या कानांच्या आधी चालू व्हायला पाहिजे होतं.

सकाळी म्हशीला पेंड आणि जाम सुटावा म्हणून सिलिंडरमध्ये रॉकेल, हे माझं रोजचं काम. रॉकेल रेशनचं, त्यामुळं आत्याबाईंचा स्टो उपाशी राहायचा. "सवतीला पाजा, आम्ही काड्या जाळतो," त्या म्हणायच्या. पिस्टन हलता हलेनात. एका रविवारी मी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला आणि सगळं आख्खं बोटभर सरकलं. मी आणि मामंजी एकमेकांकडं बघून येड्यासारखे हसलो. त्या आनंदात त्यांनी मला चहा करून दिला. त्यांनी चूल पेटवलेली घरात कोणी बघितली नव्हती.

आमचे हे शाळेत मास्तर. पांढरे कपडे, ग्रीसला भिणारे. त्यांच्याकडं एकच काम, जालन्याला गेलं की भंगारवाल्यांकडं हिंडायचं. तिथं भट्टीत वितळवायला देशोदेशीचं लोखंड येतं. त्यांनी आणलेल्या पिस्टनच्या पहिल्या रिंगा दुसऱ्याच कुठल्या इंजिनाच्या निघाल्या. मी चिडले, ते रुसले, आणि पुढच्या शनिवारी बरोबर रिंगा घेऊन आले. पुन्हा कधी चुकले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे.

अडलं ते गॅस्केटपाशी, हेडच्या खाली फट बुजवायला बसतो त्या पातळ पत्र्यापाशी. जुनं फाटलं होतं आणि तसलं कुठं मिळेना. वडिलांनी निरोप पाठवला की तांब्याचा सपाट पत्रा असेल तर त्यातून कापून घे. तांब्याचा पत्रा आणायचा कुठून? आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. उठल्या, आतून त्यांचं माहेरचं तांब्याचं घंगाळ आणलं आणि माझ्यापुढं आदळलं. "बुडाला गळतंय तसंबी," म्हणाल्या. "न्या. सवतीच्या बोडक्यावर घाला."

गावच्या तांबटानं ते कापून, ठोकून सपाट केलं आणि जुन्या गॅस्केटवरून भोकं पाडून दिली. मी ते बसवलं तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा इंजिनाजवळ आल्या. नीट निरखून बघितलं. आणि मग त्यांचं बोलणंच बदललं. "माझ्या माहेरचं तांबं हाये आत, चालू कसं होत न्हाई बघते," असं त्या शेजारीपाजारी सांगू लागल्या.

पण तोवर मामंजींना हाक मारायची तर समोर जाऊन उभं राहावं लागत होतं. ते मान हलवायचे, हसायचे, आणि भलत्याच गोष्टीला हो म्हणायचे. मला रात्री झोप लागत नव्हती. आपण फार वेळ लावला, असं सारखं वाटायचं.

खंडेनवमीला सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा असते, विळ्यापासून नांगरापर्यंत. अमेरिकनला झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावलं. निम्मं गाव गोठ्याबाहेर जमलं होतं. आत्याबाईंनी इंजिनावरच नारळ फोडला, माहेरच्या हक्कानं. यांनी पांढरा सदरा काढून हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. घाम फुटला, काही नाही. कोणीतरी म्हणलं, "मास्तर, म्हशीला जुपा." लोक हसले. हे म्हणाले, "जेवून घेऊ, मंग बघू."

"जेवा तुम्ही," मी म्हणलं. माझं डोकं सटकलं होतं. वाकून बघते तर काय, प्लग बसतात त्या सगळ्या खळग्यांत नारळाचं पाणी. ठिणगी पडणार कशी? देवाच्या पाण्यावर रागावता येत नाही, म्हणून मी यांच्यावर रागावले. फडक्यानं पाणी टिपलं, प्लग काढले आणि तव्यावर टाकले. आत्याबाईंनी पुरणपोळी बाजूला सारली आणि उलथण्यानं प्लग परतले.

गरम प्लग बसवून हँडल मारलं. अमेरिकन एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि लागली. गोठ्याचे पत्रे थरथरले, म्हशींनी दावी ताणली, आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले. मी मामंजींकडं वळले.

ते इंजिनाकडं बघत होते. तोंडावर आनंद काही दिसत नव्हता. मी जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाले, "लांब कुठं गिरणी चालल्यासारखं ऐकू येतंय. आपली वाटत न्हाई."

इतकं करून शेवटी उशीरच झाला. मला रडू फुटणार होतं, आणि तेवढ्यात वडील आठवले. इंजिनाच्या आतलं ऐकायचं असलं की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला; आवाज हाडातून थेट आत जातो, म्हणायचे. मी पेटीतला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर उचलला. टोक हेडवर टेकवलं. मूठ मामंजींच्या कानामागं दाबून धरली. सुनेनं सासऱ्याच्या डोक्याला हात लावला, तोही गावादेखत. मला त्याचं काही वाटलं नाही.

ते दचकले. मग त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात बाजूला करून स्क्रूड्रायव्हर स्वतः धरला आणि टोक एकेका सिलिंडरवर सरकवत गेले, पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर थांबले. गालावरून पाणी वाहत होतं आणि कपाळावर आठी होती.

"तीन नंबरचा वाल टकटक करून राह्यला," ते ओरडले. "ढिला ठिवलास तू."

तो वाल मी स्वतः लावला होता आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. आयुष्यात कुठल्या बोलण्यानं मला इतका आनंद झाला नाही. "उद्या काढते, मामंजी," मी रडत रडत म्हणलं.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते इंजिन ऐकत होते.