खुर्चीवरची चिठ्ठी

खळीचा वास आला की श्रीरामपुरातली ती बाग आठवते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी, जुना उकिरडा बुजवून केलेल्या त्या बागेत रुग्णाला पाणी पाजणाऱ्या शुश्रूषिकेचा पुतळा उभारला होता. अनावरणासाठी पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मीच खळ लावून खुर्च्यांना चिकटवल्या. पहिल्या रांगेत, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईची आठ महिने सेवा केलेली बाई येऊन बसली होती. मी हलकेच म्हणालो, “बाई, या खुर्च्या नावांच्या आहेत, तुम्ही मागे बसा.” ती लगेच उठली. “व्हय मास्तर. तुमच्या आईपाशी बी भुईवरच बसत हुते, सवय हाय मला.” आज वाटते, तिची चिठ्ठी लिहायची ठरवली असती, तरी मी काय लिहिले असते? त्या आठ महिन्यांत तिचे नाव मी एकदाही विचारले नव्हते.