यानावरची स्वयंपाकीण

आमच्या वन्संच्या कादंबऱ्यांमध्ये मी कायम डॉक्टर असते. खरं तर मला रक्त बघून घेरी येते, पण त्याचं त्यांना काही नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. म्हणजे समोरचा खोटंच बोलतोय असं धरून चालायचं आणि खरं काय ते त्याला सिद्ध करू द्यायचं. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. दूधवाला हसला की त्या पिशवी हातात तोलून बघतात. भाजीत काय घातलंस, हे त्या मला रोज विचारतात, आणि ते कौतुकानं नसतं.

या संशयी स्वभावावरच त्यांनी आपला दुसरा धंदा उभा केला. एक अंतराळयान, त्यात मोजकी माणसं आणि त्यांच्यात शिरलेलं काहीतरी. वर्षाला एक कादंबरी. कागद पातळ, मुखपृष्ठ भडक, बसस्थानकावर भरपूर खप. वन्सं लिहीत नाहीत, सांगतात. दुपारची जेवणं उरकली की टेबल पुसून मी तिथंच संगणक उघडते, त्या खुर्चीत मागं रेलून डोळे मिटतात आणि बोलायला लागतात. मी टाईप करते. त्याबद्दल मला पहिल्या पानावर 'भावजयीस' एवढं मिळतं. नाव घालायला बहुधा जागा पुरत नसावी.

नवं पुस्तक सुरू करण्याआधी त्यांचा एक नेम असतो. यानावरच्या प्रत्येकाला ओळखीतलं एकेक माणूस वाटून द्यायचं. माणूस माहीत असलं की संकटात ते काय करील याचा विचार करावा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅप्टन म्हणजे माझा नवरा. पन्नाशी उलटली तरी वन्संच्या तोंडी तो 'लहान्या'च आहे, आणि कुठला शर्ट घालू हेही तो मला विचारतो, पण पुस्तकात तो अख्खं यान चालवतो. इंजिनियर म्हणजे तळमजल्यावरचा इलेक्ट्रिशियन. 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून तो जो जातो तो पुन्हा दिसत नाही, पुस्तकात आणि आमच्याकडेही. प्रकाशक असतात कंपनीचे अधिकारी. यानावर काय शिरलंय ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं, पण ते तोंडात मूग गिळून बसतात. इमारतीचा वॉचमन बिचारा पहिल्या प्रकरणातच मरतो. त्याने एकदा ते वाचलं आणि पुढे महिनाभर वन्संना जिन्यावर दिवा लावून दिला नाही.

स्वतःकडे वन्संनी स्वयंपाकीण ठेवली आहे. त्यांना साधी खिचडी जमत नाही. पण स्वयंपाकीण कधी मरत नाही, यानावरचं मांजर काखेत मारून शेवटच्या पानापर्यंत पोचते. लेखकाला तेवढी सवलत हवीच.

आणि एक नियम प्रत्येक पुस्तकात असतोच. कुणाला तरी ते चावतं, आणि तो माणूस चावल्याचं लपवतो. बाही खाली ओढतो, हसतो, नेहमीपेक्षा जास्त काम करतो. मग उघडकीला येतं आणि त्याला यानाबाहेर काढतात. तो आतल्यांच्या नावानं हाका मारत असतो, आणि बाहेरचं दार लावते डॉक्टर, म्हणजे मी. एकदा मी विचारलं होतं, "दर वेळी मीच का हो?" त्या म्हणाल्या, "तुझं मन घट्ट आहे म्हणून." त्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

या खेपेचं पुस्तक सुरू झालं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. चावलं ते स्वयंपाकिणीला.

"अहो, तुम्हालाच?" मी हात थांबवून विचारलं.

"वाचकांना धक्का हवाय म्हणे प्रकाशकांना. तू टाईप कर."

धक्क्याचं मला पटलं नाही. वन्संच्या जखमा आजवर कशा असायच्या ते मला तोंडपाठ आहे. चरचरायच्या, फेसाळायच्या, त्यातून हिरवं काहीतरी गळायचं. नक्की काय गळतं हे त्यांनाही माहीत नसायचं. या वेळी काही गळलं नाही. स्वयंपाकिणीच्या काखेत एक गाठ आली. वाटाण्याएवढी, कडक, बोटाखाली न सरकणारी. "ती दुखत नव्हती, हेच तिला आवडलं नाही," असं वाक्य त्यांनी सांगितलं. मी कान टवकारून बसले, पण त्यांनी पाणी मागितलं आणि आजचं पुरे म्हणाल्या.

त्या सुमारास त्यांचं वागणंही मला सरळ वाटत नव्हतं. उकाड्याच्या दिवसांत त्या पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला लागल्या. आपले कपडे आपण धुवायला लागल्या. ही बाई अख्ख्या जन्मात साबणाच्या वाटेला गेलेली नाही. खोलीत कपडे बदलताना कडी. फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचं. मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं निमित्त काढलं. कुंड्या सकाळीच भिजवल्या होत्या, त्यांचा चिखल झाला, पण दोन वाक्यं कानावर पडली. "हो, एकच बाई. नाही, बरोबर कोणी नाही."

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या ताईंचं कुठंतरी पाणी मुरतंय."

"तू तिचीच पुस्तकं टाईप करून करून तिच्यासारखी झालीस," तो म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. म्हणे कॅप्टन.

मग मी एकटीच विचार करत बसले. या वयात कुणाशी जमलं की काय? तसं असतं तर मला आनंदच झाला असता, पण चेहऱ्यावर तसं काही दिसेना. दुसरा प्रकाशक? की घराचा वाटा? घर भावाबहिणीच्या दोघांच्या नावावर आहे. मला लाज वाटते सांगायला, पण त्या आंघोळीला गेल्या की मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून कपाटाकडे बघत बसायची. आणि त्यांना ते कळत असणार, कारण त्या बाहेर आल्या की आधी माझ्या पायांकडे बघायच्या. एका टेबलावर बसून आम्ही दोघी यानावरच्या माणसांचा संशय रंगवत होतो आणि टेबलाखाली एकमेकींवर पाळत ठेवत होतो.

एकदा त्या खाली किराणा आणायला गेल्या आणि फोन विसरल्या. तो वाजला. मी उचलला.

"खोली तयार आहे," पलीकडची बाई म्हणाली. "सोमवारी या. चादर आणि ताट-वाटी आपापली आणायची. औषधांचं मात्र आम्ही बघणार नाही, ते तुमचं तुम्ही बघाल असं म्हणाला होतात."

मला आधी राग आला. म्हणजे या घरातून निघून चालल्या, आणि जग म्हणणार भावजयीनं घालवली. मग 'औषधांचं' हा शब्द डोक्यात परत आला आणि तिथंच अडकला. मी फोन होता तिथं, होता तसा ठेवला. वन्सं आल्या. पिशवी उजव्या खांद्यावर होती. मी त्यांना कितीतरी वर्षं बघते आहे, पिशवी कायम डाव्या खांद्यावर असायची.

दुपारी आम्ही कामाला बसलो. कथा नेमकी तिथं आली होती जिथं ती प्रत्येक पुस्तकात येते. यानावर कुणाला तरी चावलंय हे सगळ्यांना कळलंय, कुणाला ते कळत नाही. वन्संनी डोळे मिटले.

"कॅप्टननं सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. दिवे दोनदा मिणमिणले. तो म्हणाला, बाह्या वर करा आणि दोन्ही हात डोक्यावर घ्या."

मी टाईप केलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घ्या आधी."

त्यांनी डोळे उघडले. "काय?"

"हात. दोन्ही. डोक्यावर."

"वेडी आहेस का? टाईप कर."

"नाही करणार."

दावे तपासणारी बाई ती. समोरच्याला किती कळलंय याचा अंदाज घेत माझ्याकडे एकटक बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. मग त्यांनी उजवा हात वर केला, शाळेतल्यासारखा सरळ.

"दुसरा."

डावा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. त्यांनी दात आवळून थोडा रेटून बघितला. मग खाली घेतला आणि मांडीवर ठेवून त्याच्यावर दुसरा हात ठेवला.

"सोमवारी मी जाणार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "शांततेत लिहायला जागा बघितली असं लहान्याला सांगणार होते. तूही तेच सांग."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "दाखवलंत कुणाला?"

"एकदा. तपासण्या सांगितल्या. केल्या नाहीत."

"का?"

"केल्या की कळतं. मग घरात सगळे वेगळं बोलायला लागतात. दाराआड."

"आणि दार मी लावते, नाही का?" मला आता रडू यायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता. "इतकी वर्षं या टेबलावर बसून तुमचे राक्षस टाईप केले, आणि तुम्ही माझा हिशेब हा मांडलात? मन घट्ट आहे म्हणून?"

"ती तू नाहीस गं," वन्सं म्हणाल्या. "कोट तुझा. आत मी असते."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. त्यांची आई खोकल्याच्या दुखण्यानं गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा आईला मागच्या खोलीत ठेवलं होतं. वडील कामावर, लहान्या रांगता, त्याला लागू नये म्हणून सगळी व्यवस्था वन्संकडे. त्या तेव्हा शाळेत होत्या. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, मागं सरायचं, आईनं ते आत घेतलं की कडी लावायची. आई म्हणायची, थोडा वेळ उघडं राहू दे, तुम्ही दिसता तेवढंच बरं वाटतं. "मी कधी राहू दिलं नाही," वन्सं म्हणाल्या. "सांगितलं होतं तसं चोख केलं. सगळे म्हणायचे, पोर किती शहाणी."

मी डोळे पुसले. "वन्सं, ही गाठ उडी मारून मला चिकटणार आहे का?"

"नाही."

"लहान्याला?"

"नाही. ते मला कळतं. कळून उपयोग होत नाही."

त्यांचा फोन मी त्यांच्यासमोरच उचलला आणि त्या बाईला लावला. सांगितलं, की सोमवारी कोणी येणार नाही, खोली दुसऱ्या कुणाला द्या. तिनं विचारलं, त्यांच्याबरोबर कोणी नाही म्हणाल्या होत्या ना? मी म्हटलं, "आहेत. भरपूर आहेत. त्यांना विचारा, नकोशी झालीत." वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो उठून बहिणीच्या खोलीत गेला आणि तिच्या पलंगावर नुसता बसून राहिला. मग तिचं कपाट उघडून कपडे भरायला लागला, दवाखान्यात लागतील म्हणून. विचारल्याशिवाय त्यानं केलेली ती पहिली गोष्ट असावी. भरलं सगळं चुकीचं, ते मी नंतर बदललं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाठ कधीपासून आहे?"

"नुकतीच," वन्सं म्हणाल्या.

"खोटं," मी म्हणाले. "स्वयंपाकिणीला चावलं त्याच्याही आधीपासून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे. तो म्हणाला, "हिचं बरोबर आहे. लिहून घ्या." पुस्तक कधी सुरू झालं त्यावरून आम्ही मागं जात जात एक महिना ठरवला. वन्सं ऐकत होत्या. खोटा दावा पकडला गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं, आज तो त्यांचा झाला होता. पण थोडं हलकंही वाटत असावं, कारण बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून माझा हात धरला. डाव्या हातानं.

तपासण्यांत जे नको होतं तेच निघालं. ऑपरेशन ठरलं. पुस्तक तिथंच थांबलं होतं, सगळे जेवणघरात उभे, बाह्या वर करून. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मीच बोलले. ते म्हणाले, चावलेलीला शेवटी बाहेर काढताय ना, नाहीतर वाचक ऐकणार नाहीत. मी म्हटलं, ते आमचं आम्ही बघू.

ऑपरेशनच्या सकाळी वन्संना ढकलगाडीवर घातलं. आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी चालत होतो. त्यांनी गाडी ढकलणाऱ्याला विचारलं, चाक का वाजतंय. तो हसला तर त्यांना ते आवडलं नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीपाशी एक नर्स आली.

"नातेवाइकांनी इथंच थांबायचं."

वन्संनी माझा हात धरून ठेवला होता. नर्सनं तो हळूच सोडवला. "आत येता येत नाही हो," ती मला म्हणाली, कारण मी गाडीबरोबर दोन पावलं पुढं गेले होते. गाडी आत गेली. वन्संनी मान वळवून बघितलं, आणि मग दार लागलं.

नवरा म्हणाला, "चल, चहा घेऊ. वेळ लागेल."

"तुम्ही या घेऊन."

तो गेला. दाराला काच नव्हती. इतक्या पुस्तकांत इतकी माणसं आम्ही दाराबाहेर काढली, पण बाहेर राहिलेल्याचं पुढं काय होतं ते वन्संनी कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दार लागलं की आम्ही पुढचं प्रकरण सुरू करायचो. मी दारावर हात ठेवला. ते थंड होतं. मी वन्संना हाक मारली, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग थोडी मोठ्यानं.