काडीचं वजन

उंच इमारतींच्या काचा धुणाऱ्या या माणसाला सगळे 'काडी' म्हणतात. नाव पडलं तेव्हा तो विशीत होता आणि जरा जोराचा वारा आला तर उडून जाईल असा दिसायचा. आज तो पंचेचाळिशीत आहे, कमरेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत गेला आहे, पण नाव कोणी बदललेलं नाही. मुकादम तर ते मुद्दाम लांबवून उच्चारतो.

काम असं. गच्चीवरून दोन तारांवर लोखंडी पाळणा सोडायचा. त्यात दोन माणसं, दोन्ही टोकांना मोटर, मधे साबणाच्या पाण्याच्या बादल्या. वरून एकेक मजला उतरत भिंत धुवायची. पाळण्याला किती वजन पेलतं ते त्याच्या पत्र्यावरच लिहिलेलं असतं, आणि त्या वजनात माणसंही आली, पाणीही आलं. माणूस जड झाला की पाणी कमी न्यावं लागतं. पाणी संपलं की पाळणा पुन्हा गच्चीवर.

काडीचा जोडीदार म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला या धंद्यात काडीनंच आणलं, सुरक्षेचा पट्टा बांधायला शिकवलं, खाली बघायची भीती घालवली. त्याचे उपकार मेहुण्याला आता आठवत नाहीत. त्याला आठवतात त्या कमी झालेल्या बादल्या. शेजारच्या भिंतीवरची जोडी काम उरकून हातपाय धुवायला लागायची, तेव्हा हे दोघे पाण्यासाठी वर निघालेले असायचे.

"दाजी, उद्या तुम्ही एकटेच उतरा," मेहुणा सगळ्यांसमोर म्हणायचा. "मी बादल्या घेऊन जिन्यानं येतो."

काडी उलट बोलायचा नाही. वर गेल्यावर मात्र त्याच्याकडे एक हत्यार होतं, ते म्हणजे त्याचा नियम. भिंत संपेपर्यंत पाळणा खाली येणार नाही. वर मुतारी नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. भरल्या पोटी गरगरतं, म्हणून खायचं नाही. मेहुण्यानं पहिल्या वर्षी एकदा वर डबा उघडला, तेव्हा काडीनं झाकण लावून तो बाजूला सारला होता. "पोटाचे लाड करायचे तर फरशी पुसायला जा," असं तो नव्या माणसांना सांगायचा. फरशी पुसणारे म्हणजे या धंद्यातली सगळ्यात खालची जात, असं पाळण्यावरचे समजतात.

नियम पाणी बंद करत होता, गोड थंड पेयाची बाटली बंद करत नव्हता. ती काडीच्या पिशवीत कायम असायची. घोट घोट करत दुपारपर्यंत संपायची. ते पाणी नव्हे, ताकद आहे, असं त्याचं म्हणणं.

वारा उठायच्या आत भिंत उरकावी म्हणून काम पहाटे सुरू होई. काडी घरातून निघायचा तो नुसता चहा पिऊन, तोही साखरेचा पाक. उतरला की मग खायचा. त्याचं ते खाणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुन्हा पाहायची इच्छा होत नाही. मान खाली, बोलणं नाही, ताट रिकामं होईपर्यंत हात थांबत नसे. बायको बेकरीच्या काउंटरवर. संध्याकाळी उरलेले पाव, केकच्या कडा, मोडकी बिस्किटं ती घरी आणायची, कारण टाकून द्यायला तिचा जीव होत नव्हता. तेही तोच संपवायचा, टीव्हीसमोरच्या खुर्चीत, पाय स्टुलावर टाकून. खुर्चीत डुलकी लागायची, मग अंथरुणावर झोप यायची नाही. डोळा लागेपर्यंत पहाटेचा गजर जवळ आलेला असायचा. सुट्टीच्या दिवशी तो दुपारपर्यंत घोरत पडे आणि उठला की चिडलेला असे.

मग कंपनीनं गच्चीच्या दारात वजनकाटा ठेवला. ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तो पाळण्यात चढणार नाही. महिनाभराची मुदत. काडी काट्यावर उभा राहिला, मुकादमानं आकडा वाचला आणि लांबवून म्हणाला, "काऽऽडी, खाली फरशी वाट बघतेय."

घरी त्यानं बायकोच्या बेकरीवर खापर फोडलं. ती म्हणाली, पाव आणते, तोंडात कोंबत नाही. त्या दिवसापासून तिनं उरलेलं आणणं बंद केलं आणि त्याच्याशी बोलणंही जवळजवळ बंद केलं.

कंपनीच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खाण्याआधी झोपेचं विचारलं. काडीला ते फालतू वाटलं. झोपून झोपून माणूस जाड होतो हे ऐकलं होतं, न झोपल्यानं होतो हे नवीनच, असं तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. झोप तुटली की भूक चढते आणि ती गोडाकडेच ओढते, असं त्यांनी सांगितलं. अर्धा दिवस उपाशी ठेवलेलं पोट उरलेल्या दिवसात वचपा काढतं. वर बाटली म्हणजे साखरेचं पाणीच. काम मधे थांबवा, वेळेवर खा, पाणी प्या, रात्री वेळेवर आडवे व्हा.

"मधे थांबता येत नाही. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच."

"मग मोडा."

त्यानं नियम मोडला नाही, डॉक्टरीणबाईंकडे जाणं सोडलं. नियम मोडायचा म्हणजे मेहुण्यासमोर मोडायचा. त्याऐवजी त्यानं जेवण तोडलं आणि झोपेतला वेळ काढून चालायला लागला. आकडा थोडा हलला, पुन्हा जागेवर आला. मुदतीच्या आदल्या दिवशी त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही, बाटलीही नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो काठावर वजनात बसला. मुकादमानं काटा दोनदा तपासला.

त्या सकाळी ऊन लवकर चढलं. अर्धी भिंत झाली असेल, काडीच्या हातांना कंप सुटला. वायपर निसटला आणि दोरी लावून बंद केलेल्या मोकळ्या फुटपाथवर जाऊन आपटला. कोणाला लागलं नाही. काडी पाळण्याच्या कठड्याला धरून खाली बसला, ओठ पांढरे पडलेले. मेहुण्यानं पाळणा उतरवला, त्याला पाणी पाजलं, आणि मुकादमाला सगळं सांगितलं. कालपासून पाणी नाही, हेही सांगितलं.

"घरचा भेदी," काडी म्हणाला.

"तुम्ही माझ्या अंगावर पडला असता," मेहुणा म्हणाला. "तेव्हा बहिणीला मी काय सांगायचं?"

काडी फरशीवर गेला. खालच्या दालनात फरशी पुसायचं मशिन ढकलायचं, काम सकाळी उजाडल्यावर सुरू, दुपारची सुट्टी ठरलेली. तिथले लोक त्याची टिंगल करायला विसरले नाहीत. "वरची हवा मानवली नाही का, साहेब?" तो दात आवळून मशिन ढकलत राहिला. पण पहाटेचा गजर गेला. दुपारी डबा खाल्ल्यानं संध्याकाळी ताटावर तुटून पडावंसं वाटेना. दिवसभर चालणं होई, रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोप लागे. मोठं काही न करता वजन उतरू लागलं. याचा त्याला आनंद झाला नाही. फरशीनं आपल्यावर उपकार करावेत हे त्याला सहन होत नव्हतं.

पावसाळा संपल्यावर माणसं कमी पडली आणि मुकादमानं त्याला काट्यावर बोलावलं. आकडा चांगलाच खाली होता. पट्टा मिळाला, जोडीदार तोच. आता पाळण्याची चावी मेहुण्याकडे होती, म्हणजे कधी उतरायचं ते तो ठरवणार.

अर्ध्या भिंतीवर काडीला भूक लागली. त्यानं पाळणा खाली घ्यायला सांगितलं. मेहुणा काच पुसत राहिला. भिंत संपल्याशिवाय पाळणा उतरत नाही, हे तुम्हीच मला मारून मुटकून शिकवलंय, असं तो म्हणाला आणि त्याला ते म्हणताना बरं वाटलेलं लपलं नाही.

काडीनं वाकून आपल्या बाजूचं बटण दाबलं. एक टोक खाली झुकलं. पाळणा तिरका होताना पाहून मेहुण्याला शिवी हासडत आपलीही मोटर सोडावी लागली. जमिनीवर काडीनं पट्टा सोडला, पायरीवर बसून डबा उघडला. वर भिंतीची अर्धी काच चकचकीत, अर्धी मळकी. मुकादम धावत आला.

"उठतोस की कायमचा फरशीवर जातोस?"

"जेवून सांगतो," काडी म्हणाला.

मुकादम त्याचं जेवण होईपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला नवा जोडीदार मिळाला, सडपातळ. काडी पुन्हा मशिनमागे लागला. बहीण-भावाचं येणं-जाणं तेव्हापासून बंद आहे. मेहुणा ओळखीपाळखीत सांगतो की दाजींना उंची झेपली नाही. काडीच्या कानावर ते येतं. तो खोडून काढत नाही, मेहुण्याला माफही करत नाही. दुपारची घंटा झाली की तो मशिन बंद करतो आणि डबा घेऊन बसतो.