एका इलेक्ट्रॉनचं सांगता येत नाही

यंदा हे गेले. घरात आता फार बोलणं होत नाही. हे असतानाही होत नव्हतं, हे कबूल करायला हवं. त्यातल्या त्यात बोलका म्हणजे, मला बघायला हे सुरतेला आले तो दिवस.

साठचं दशक संपत आलं होतं. बाबा तिथे बँकेत होते. दोन स्थळांनी मला ‘फार वाचते’ म्हणून नाकारलं होतं. वाचलेलं ज्याला सांगता येईल असा कुणी मिळावा, एवढंच मला हवं होतं. बाबांना मात्र हवी होती जावयाची कायम नोकरी. हे मुंबईत संशोधन करत, आणि ती जागा दरवर्षी नव्याने मिळायची.

“नेमकं करता काय?” बाबांनी विचारलं.

ह्यांनी अर्धी नानखटाई बशीत ठेवली आणि काठावरून बोट फिरवलं. “यंत्रात इलेक्ट्रॉनांचा झोत असा गोल फिरतो. वळताना प्रकाश टाकतो, आणि बारीक होत जातो.”

“म्हणजे शेवटी सुतासारखा!” सुरतेत राहून बाबांना दुसरं काय आठवणार?

“तितका नाही. प्रकाश धारेसारखा वाहत नाही, त्याचा एकेक कण सुटतो. सुटताना इलेक्ट्रॉनला हिसका बसतो, झोत पुन्हा थोडा पसरतो. शेवटी जाडी किती उरते, ते मी गणिताने काढतो.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले होते. राहवलं नाही. “हिसका कधी बसणार, ते आधी कळतं?”

ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “एका इलेक्ट्रॉनचं सांगता येत नाही. लाखोंचं मिळून येतं.”

धुळ्याहून आलेली आत्या सुपारी कातरत होती. “आमले लाख नही जोयजेत, भाऊ. आमले एकच जवाई जोयजे!”

बाबा हसले, पण मुद्दा सोडला नाही. “मग त्या एकाचंच सांगा. नोकरी पक्की कधी होईल?”

दुसरा कुणीही ‘पुढच्या वर्षी’ म्हणाला असता. ह्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “माहीत नाही.”

ते गेल्यावर बाबांनी मला विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

“माहीत नसलं तर माहीत नाही म्हणतात,” मी म्हटलं.

“म्हंजे जन्मभर गप्पच बसेल हा,” आत्या म्हणाली.

बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, “एकच खोली आहे म्हणे त्यांची. तुझी पुस्तकं कुठे ठेवशील?”

बाबांचा होकार असाच यायचा.

“पलंगाखाली,” मी म्हटलं, आणि ते इतक्या चटकन, की आत्याला हसू आवरेना.