गोळ्या बंद केलेले म्हातारे

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका दवाखान्यात कामाला होतो. डॉक्टर नव्हतो, कंपाउंडरही नव्हतो. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक रजिस्टर सुरू केलं होतं. प्रोस्टेटच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरचे जे पुरुष आमच्याकडे येत, त्यांचं पुढं काय होतं ते त्यात लिहायचं. बरेचसे म्हातारे गोळ्या घेऊन घरी जात आणि परत फिरकत नसत. बरे झाले म्हणून की वारले म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

"हेच ठाऊक नसेल तर पुढच्या पेशंटला मी काय सांगू?" डॉक्टर म्हणायचे.

म्हणून मला गावोगाव पाठवलं. माणूस आहे का, पाठ दुखते का, गोळ्या चालू आहेत का, एवढं विचारायचं. कॅन्सर हा शब्द मात्र काढायचा नाही. घरच्यांनी तो बहुतेकांपासून लपवलेला असे.

मिरजगावला एसटीतून उतरून मी जवळच्या एका वस्तीवर गेलो. रजिस्टरातल्या एका म्हाताऱ्याच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारा-म्हातारी दोघं बी तलावाच्या दुष्काळी कामावर गेल्यात." मी बुचकळ्यात पडलो. दवाखान्यातून हा माणूस मुलाच्या खांद्यावर सगळा भार टाकून गेला होता.

पाझर तलावाच्या कामावर तो गोणपाटाच्या सावलीत खडी फोडत बसला होता. बायको पाटीनं खडी वाहत होती. मी दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर त्यानं मान हलवली, हातोडा चालूच ठेवला.

"बाबा, पाठ दुखते का?"

त्यानं शेजारच्या रांगेकडं पाहिलं. "हितं कुनाची दुखत न्हाई?"

बाया हसल्या. तो हसला नाही.

"पहिल्यापासून दुखते, का कामावर आल्यापासून?"

"त्ये म्या कसं सांगू? दुखती."

रोग हाडात उतरला की पाठ दुखते, एवढं मला शिकवलेलं. दगड फोडूनही दुखते. यातलं कुठलं दुखणं लिहायचं? मी ती जागा कोरी ठेवली आणि गोळ्यांचं विचारलं. त्यानं नवा दगड पुढ्यात ओढला. बायकोनं पाटी खाली ठेवली. "बंद केल्यात त्यांनी. का त्ये त्यास्नीच इचारा."

म्हातारा उठला, मला खडीच्या ढिगाऱ्याआड घेऊन गेला आणि बंडीची बटणं सोडली. छाती दोन्ही बाजूंनी भरून आली होती.

"हात लागला तरी दुखतंय. चार मानसांत अंगावरचं काढता येत न्हाई. तुमी मला बायकांचं औषद दिलं का?"

"छे, असं कसं देतील?"

"मग ह्ये काय हाय?"

डॉक्टरांना विचारून सांगतो, म्हणालो.

नगरला येऊन डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिलंय. बायकांच्या शरीरात जे तयार होतं, तसलंच औषध आहे ते. त्यानं गाठ आटते. छाती वाढते हे मला माहीत होतं. पण तेवढ्यासाठी कुणी गोळ्या सोडेल, असं वाटलं नव्हतं."

त्या दिवशी रजिस्टरात एक प्रश्न वाढला: छाती भरून आली का? नेवाशाकडं, पुणतांब्याकडं मी तोही विचारत फिरलो. बऱ्याच जणांनी त्याच लाजेनं गोळ्या टाकल्या होत्या. एक जण मात्र छाती भरली तरी नेमानं घेत होता. दुसऱ्यानं शेवटपर्यंत घेतल्या आणि तरी तो गेला होता. मी जितकं लिहीत गेलो तितकं मला कमी समजायला लागलं.

डॉक्टरांचा निरोप घेऊन पुन्हा मिरजगावला गेलो. गोळ्या नको असतील तर लहानसं ऑपरेशन करता येईल, दोन्ही वृषण काढायचे, त्यानंही गाठ आटते, हे मला त्या म्हाताऱ्याला सांगायचं होतं. कसंबसं सांगितलं.

त्यानं मातीत बोट फिरवलं. "म्हंजी बाई व्हयाचं न्हाईतर बैल व्हयाचं."

बायको म्हणाली, "काय बी व्हा. घरात तर ऱ्हाल."

पाऊसपाणी झाल्यावर दोघं नगरला आली. ऑपरेशन झालं आणि काही दिवसांत पाठदुखी थांबली. डॉक्टर खूश झाले. पण तोवर तलावाचं कामही संपलं होतं, खडी फोडणं सुटलं होतं. पाठदुखी कशानं थांबली, ते मला आजही सांगता येत नाही. म्हातारा मात्र पुढं बरीच वर्षं शेतात दिसायचा.

त्यानंतर डॉक्टर प्रत्येक नव्या माणसाला आधीच सगळं सांगायला लागले: गोळ्यांनी काय होतं, ऑपरेशननं काय होतं. पुष्कळ जण त्यामुळं औषध न सोडता घ्यायचे. पण एकदा राहुरीकडचा एक धडधाकट दिसणारा माणूस सगळं शांतपणे ऐकून उठला, पायताण घातलं आणि चिठ्ठी न घेताच निघून गेला. मी त्याला शोधायला गेलो, तर त्यानं सांगितलेल्या गावात त्या नावाचं कुणीच नव्हतं.